टाकीवरची जाळी, ९एचचा दावा आणि टूथपेस्टचं रील: नव्या बाइकचा रंग खरंच कशाने वाचतो?

२२ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १०० रुपये मूळ किमतीची गाडी आधी १२८ रुपयांना पडायची, ती ११८ ला पडायला लागली. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचं मात्र उलटं झालं, त्या थेट ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. ज्यांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून खरेदी लांबवली होती, त्यांनी दसरा-दिवाळीत गाडी घेतली. मीही त्यातलाच. अडीचशे सीसीची, चकचकीत काळ्या रंगाची टूरिंग बाइक. दोन लाखांच्या आसपासच्या गाडीवर साधारण पंधरा हजार वाचले.

त्यातले साडेसहा हजार शोरूमच्या काउंटरवरच गेले. ‘सर, नॅनो सिरॅमिक कोटिंग, ९एच हार्डनेस, पाच वर्षं स्क्रॅचची चिंता नाही,’ असं सांगून एक्झिक्युटिव्हने यादीत एक ओळ वाढवली. मी दिवसभर कोड रिव्ह्यू करणारा माणूस. ऑफिसात कुणी असा दावा केला असता तर दहा प्रश्न विचारले असते. नव्या गाडीच्या आनंदात एकही विचारला नाही.

तीन आठवड्यांनी भर दुपारी गाडी उन्हात लावली आणि टाकीवर सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तशी बारीक रेघांची गोल जाळी दिसली.

पुढचा महिना मी हे प्रकरण समजून घेण्यात घालवला. त्यात एक मूर्खपणाही केला, जो जवळजवळ महागात पडला होता. ते सगळं इथे मांडतोय, कारण नव्या गाड्यांसोबत हे कोटिंगही विकलं जातंय आणि त्याच्या उपायाची रील्सही तितक्याच वेगाने फिरतायत.

आधी कळून घ्या: ही जाळी गोल नसतेच

ह्या बारीक रेघांना डिटेलिंगवाले ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं, कुणीतरी गोल गोल फडकं फिरवल्यामुळे गोल चरे पडले असतील. खरं तर टाकीवर सगळ्या दिशांना हजारो सूक्ष्म चरे असतात. त्यातले जे चरे प्रकाशाच्या दिशेला आडवे पडतात, तेच तो प्रकाश तुमच्या डोळ्यांकडे परतवतात. बाकीचे तिथेच असतात, पण दिसत नाहीत. म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. दिवा हलवा, वर्तुळही त्याच्याबरोबर सरकेल.

तपासायचं असेल तर मोबाइलचा टॉर्च पुरतो. संध्याकाळी गाडी सावलीत घ्या, टॉर्च लावा, टाकीपासून फूटभर अंतरावर तिरका धरून हळूहळू फिरवा. जिथे प्रकाश पडेल तिथे जाळी उमटेल. शोरूममध्ये ती का दिसत नाही? तिथे छतभर पसरलेला मऊ प्रकाश असतो. एका बिंदूतून येणारा प्रकाश, मग तो सूर्य असो की मोबाइलचा एलईडी, चरे उघडे पाडतो.

तेव्हा पहिला सल्ला असा: गाडी ताब्यात घेताना सही करण्याआधी टाकीवर टॉर्च मारा. माझी जाळी नेमकी कधी पडली ते मला आज सांगता येत नाही. शोरूममध्ये धूळ झटकताना, कोटिंग लावण्याआधी पुसताना, की नंतर माझ्याच हातून? डिलिव्हरीच्या दिवशीचा टॉर्च मारलेला एक व्हिडिओ असता तर पुढचे अर्धे वाद झालेच नसते.

रंग म्हणजे किती जाडीची गोष्ट?

गाडीच्या पत्र्यावर थर असतात. खाली गंज रोखणारा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, म्हणजे बेसकोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. आपण ज्याला ‘शाइन’ म्हणतो ती क्लिअरकोटची. उन्हापासून रंग वाचवण्याचं कामही तोच करतो. बहुतेक बारीक चरे ह्याच थरात असतात, खालच्या रंगापर्यंत पोचलेले नसतात.

आता जाडी बघा. गाड्यांवरचा हा सगळा डोलारा मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे साध्या कागदाच्या एक-दीड पानाइतका. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या घरात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे अख्खी शाइन केसापेक्षाही पातळ थरावर उभी आहे.

इथेच ह्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. चरा ‘भरून’ निघत नाही. पॉलिश करणं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट घासून चऱ्याच्या तळाच्या पातळीवर आणणं. चरा जातो, कारण त्याच्या कडा जातात. दर वेळी थोडा थर कायमचा कमी होतो. हा सॉफ्टवेअरसारखा प्रकार नाही, इथे अनडू नाही.

आमच्या पिंपरीत एक जुने पेंटर काका आहेत, चाळीस वर्षं दुचाकी-चारचाकी रंगवतात. मी त्यांना गाडी दाखवून ‘काका, रबिंग करून देता का?’ विचारलं. त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “नवी गाडी आहे ना रे? मग घाई कशाची? रबिंग म्हणजे रंग काढणं. काढलेला रंग मी परत लावू शकतो, कंपनीचा नाही.”

९एच म्हणजे नक्की काय?

हा आकडा तुम्ही आधी पाहिलाय. मोबाइलच्या टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावर तोच छापलेला असतो. बहुतेकांना वाटतं की हा खनिजांच्या कठीणपणाचा, मोहस मापनाचा आकडा आहे. त्या मापात हिरा १० आणि नीलम ९. मग ९एच म्हणजे नीलमाइतकं कडक!

तसं अजिबात नाही. ‘एच’ हा पेन्सिलीतला एच आहे. ड्रॉइंगच्या तासाला वापरलेली एचबी, २बी, २एच पेन्सिल आठवा. रंगाच्या थराचा कडकपणा तपासायची एक जुनी चाचणी आहे: वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशाच्या कोनात, ७५० ग्रॅमच्या भाराने त्या थरावरून ढकलायच्या आणि कुठली पेन्सिल ओरखडा काढते ते बघायचं. ९एच ही त्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल. ‘९एच कोटिंग’चा अर्थ एवढाच की पेन्सिलीने त्यावर ओरखडा येत नाही.

तुमच्या गाडीवर पेन्सिल कोण घासतं? गाडीवर घासली जाते ती धूळ, आणि धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झ मोहस मापावर साधारण ७, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि क्लिअरकोट तर शेवटी प्लास्टिकच्याच जातीचा, काचेपेक्षा कितीतरी मऊ. खिशातल्या वाळूने फोनच्या कडक काचेवर रेघ येते, मग टाकीचं काय होणार?

त्यात सिरॅमिक कोटिंगचा थर किती जाड? एखाद-दुसरा मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. वाळूच्या कणासमोर त्याचा काय टिकाव लागणार?

मग कोटिंग सगळं खोटं आहे का? नाही, आणि हे नीट सांगायला हवं. चांगल्या सिरॅमिक कोटिंगमुळे पाणी थेंब होऊन ओघळतं, चिखल सहज सुटतो, पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक लगेच चावत नाही. गाडी धुवायला कमी घासावं लागतं, म्हणून चरेही थोडे कमी पडतात. हा खरा फायदा आहे. पण ‘स्क्रॅचप्रूफ’ हा शब्द त्यात कुठेच बसत नाही. शिवाय आधीचे चरे न काढता कोटिंग लावलं तर ते चरे तसेच आत बंद होतात. पुढे पॉलिश करायचं तर आधी कोटिंगच घासून काढावं लागतं, म्हणजे पैसे दिलेलं तेच पुसायचं.

बारीक ओरखडे खरोखर अडवते ती पीपीएफ, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. चरा फिल्मवर पडतो, रंगावर नाही. चांगल्या फिल्मवरचे हलके चरे उन्हाच्या उष्णतेने बऱ्यापैकी मावळतात. ती महाग असते, पण अख्ख्या गाडीला लावायची गरज नाही. टाकीच्या बाजू, जिथे गुडघे आणि जॅकेटची चेन घासते तेवढी जागा झाकली तरी पुष्कळ.

रील्समधली जादू कशी चालते

माझी जाळी दिसल्यावर मी तेच केलं जे आपण सगळे करतो, फोन काढला. पाच मिनिटांत टूथपेस्ट, खोबरेल तेल, डब्ल्यूडी-४०, बेकिंग सोडा आणि ‘एक फवारा, चरे गायब’ असलेल्या बाटल्यांची रांग लागली. प्रत्येक व्हिडिओत आधी जाळी आणि नंतर आरसा.

यातले बरेच व्हिडिओ एडिट केलेले नसतातही. तिथे खरंच चरे दिसेनासे होतात. का, ते समजून घ्या. चरा दिसतो कारण हवेतून क्लिअरकोटमध्ये जाताना प्रकाश त्याच्या कडांवर विखुरतो. चऱ्यात तेल भरलं की तेलाचा अपवर्तनांक क्लिअरकोटच्या खूप जवळचा, दीडच्या आसपास असल्यामुळे प्रकाशाला तिथे कड जाणवतच नाही. पाण्यानेही थोडा तोच परिणाम होतो, म्हणूनच ओली गाडी नेहमी नवी दिसते. तेल धुऊन निघालं की जाळी परत हजर. वॉशिंग सेंटरवर डिझेलचा हात मारून गाडी ‘चमकवतात’ त्यामागेही हेच आहे, वर रबरी भागांची वाट लागते ती वेगळी.

टूथपेस्टचं प्रकरण निराळं. तिच्यात दात घासायला बारीक अपघर्षक कण असतात, म्हणजे ते खरंच घासतात. क्लिअरकोट मऊ असल्यामुळे एखादा हलका चरा त्याने पुसटही होतो. पण ते कण दातांसाठी ठरवलेले असतात, रंगासाठी नाहीत. एका खोल चऱ्याच्या जागी शंभर उथळ चरे येतात आणि तो भाग धुरकट दिसायला लागतो. फोनच्या काचेवर तर ती चरे घालवत नाहीच, वर बोटांचे डाग न बसू देणारा थर मात्र घासून काढते.

हे सगळं मला आता कळलंय. तेव्हा मी टूथपेस्ट घेतली होती.

जिथे मी चुकलो: काच समजून प्लास्टिक घासलं

गाडीला मी उंच टूरिंग विंडस्क्रीन लावली होती, आणि तिच्यावर किडे पुसताना बारीक चरे आले होते. रील बघून एका रविवारी मी तिच्यावर टूथपेस्ट घासली. उत्साहात हेल्मेटच्या काचेवरही घासली. दिवसा दोन्ही छान वाटत होतं.

त्याच आठवड्यात ताम्हिणीहून परत येताना अंधार झाला. पौडच्या अलीकडे समोरून एक एसयूव्ही पांढऱ्याशुभ्र एलईडी हायबीमवर आली, आणि माझ्यासमोर दिव्यांच्या जागी अख्खी पांढरी भिंत उभी राहिली. हेल्मेटच्या काचेवरच्या त्या हजारो नव्या चऱ्यांनी सगळा प्रकाश विखुरला होता. एसयूव्ही निघून गेली तेव्हा दहा-बारा फुटांवर, रस्त्याच्या कडेने सायकल हातात धरून चाललेला एक माणूस दिसला. ब्रेक लागला, गाडी थोडी सरकली, त्याला काही झालं नाही. तो माझ्याकडे बघून “दिसत नाय का?” एवढंच म्हणाला. खरंच दिसलं नव्हतं.

काच वर करून, डोळ्यांत धूळ घेत, तीसच्या वेगाने घरी आलो. टाकीवरची जाळी हा शोभेचा प्रश्न असतो, डोळ्यांसमोरची जाळी जिवावर बेतते, हे त्या रात्री कळलं.

बाइकची विंडस्क्रीन काचेची नसते. ती ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असते आणि हेल्मेटची पुढची काच साधारणपणे पॉलिकार्बोनेटची. दोन्ही प्लास्टिकच, पण स्वभाव वेगळा:

- ॲक्रिलिक पॉलिकार्बोनेटपेक्षा चऱ्यांना थोडं जास्त तोंड देतं आणि त्यावर प्लास्टिक पॉलिशने काम करता येतं. पण अल्कोहोल, थिनर, पेट्रोल अशा रसायनांनी त्याच्या आत बारीक तडे जातात. ते कुठल्याही पॉलिशने जात नाहीत.
- पॉलिकार्बोनेट फुटायला अवघड, म्हणून हेल्मेटला वापरतात. पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. त्यामुळे त्यावर बहुतेकदा कारखान्यातच एक कडक थर दिलेला असतो. पॉलिश केलं की आधी तो थर जागोजागी निघतो, धुरकट चट्टे पडतात आणि खालचं मऊ प्लास्टिक उघडं पडतं. माझं हेच झालं.

घरात काच पुसायचा अमोनिया असलेला फवारा दोन्हीवर मारू नका.

मग करायचं काय? किडे चिकटले असतील तर घासू नका. ओला, मऊ टॉवेल पंधरा मिनिटं त्यावर पसरून ठेवा, मग ते आपोआप सुटतात. नंतर भरपूर पाणी, थेंबभर सौम्य शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर. विंडस्क्रीन ॲक्रिलिकची आहे आणि वर कडक थर नाही याची खात्री असेल तरच प्लास्टिकसाठी बनवलेलं पॉलिश वापरा, तेही आधी कोपऱ्यात करून बघून. खात्री नसेल तर मॅन्युअल किंवा ॲक्सेसरीचं पाकीट बघा.

हेल्मेटच्या काचेला मात्र एकच नियम लावा: चरे पडले की बदला. बहुतेक हेल्मेटची काच काही शे रुपयांत मिळते. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्ह बघून घेतलेल्या हेल्मेटच्या काचेतून रस्ताच दिसत नसेल तर काय उपयोग?

टाकीचे चरे घरी काढायचे असतील तर

दोन चाचण्या आधी. चऱ्यावरून नख हळूच आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, पॉलिशच्या नादी लागू नका, पेंटरला दाखवा. आणि तुमचा रंग मॅट असेल तर इथेच थांबा. मॅट फिनिश हा मुद्दाम खडबडीत ठेवलेला पृष्ठभाग असतो, पॉलिश केलं की तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो.

नख अडकत नसेल आणि रंग ग्लॉसी असेल तर असं करा:

१. धुणं. आधी नुसतं पाणी मारून सैल धूळ जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळूनच परत शाम्पूत बुडवायचं. गाडी सावलीत, टाकी गार.

२. हाताची चाचणी. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या टाकीवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात चिकटलेले कण अजून आहेत. ते डिटेलिंग क्लेने, भरपूर शाम्पूचं पाणी मारत, जोर न लावता काढा. हे सोडून पुढे गेलात तर तेच कण पॉलिशबरोबर फिरतील.

३. टेप. टाकीच्या कडा, स्टिकरच्या बाजू आणि काळं, रंग न दिलेलं प्लास्टिक मास्किंग टेपने झाका. कडांवर रंग पातळ असतो, तिथेच आधी खालचा थर उघडा पडतो.

४. एका जागी प्रयोग. सीटजवळची, कमी दिसणारी चार इंच जागा निवडा. सगळ्यात सौम्य फिनिशिंग पॉलिशचे वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब फोमच्या पॅडवर घ्या, मध्यम दाबाने, सरळ रेषेत उभं-आडवं दोन-तीन मिनिटं फिरवा आणि मायक्रोफायबरने पुसा.

५. खरं निघालं का? पॉलिशमध्येही तेल असतं आणि ते चरे लपवतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा हलकी पुसा, फक्त रंगावर, विंडस्क्रीनवर चुकूनही नाही. मग टॉर्च मारा. आता जे दिसतं ते खरं. फरक पुरेसा असेल तर उरलेल्या टाकीवर तेच करा. नसेल तरच बारीक कंपाउंड, आणि त्यानंतर परत फिनिशिंग पॉलिश.

६. शेवटी वॅक्स किंवा सीलंट. हे चरे काढत नाही, निघालेल्या जागेचं रक्षण करतं.

मशीनचा मोह टाळा, निदान पहिल्या खेपेला. एका जागी फिरणारं रोटरी मशीन काही सेकंदांत टाकीच्या कडेवरचा क्लिअरकोट उडवू शकतं. बाइकचे प्लास्टिकचे पॅनेल पत्र्याइतकी उष्णता पसरवत नाहीत, ते पटकन तापतात. आणि रंगाची जाडी मोजायची नेहमीची यंत्रं फक्त धातूवर चालतात, प्लास्टिकवर किती रंग उरलाय ते ती सांगत नाहीत.

मला टाकीला दोन तास लागले. साधारण सत्तर टक्के जाळी गेली आणि मी तिथेच थांबलो. उरलेले तीस टक्के काढायला जो थर द्यावा लागेल, तो मला पुढच्या दहा वर्षांसाठी हवाय.

जाळी विणतं कोण? बहुतेकदा आपणच

सकाळी निघताना सीटखालचं फडकं काढून कोरडी धूळ पुसणं, हे सगळ्यात मोठं कारण. हिंजवडीच्या मेट्रोच्या कामाची धूळ रोज माझ्या टाकीवर बसते. ती कोरडी पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. दसऱ्याला गाडीवरचं हळद-कुंकू मी असंच पुसलं होतं. वॉशिंग सेंटरवर दिवसभर चिखलाच्या गाड्या पुसणारं तेच कापड, टाकीवर ठेवलेलं हेल्मेट, गाडीवर टाकलेलं कव्हर वाऱ्याने फडफडणं, ही बाकीची कारणं. आईने माझं फडकं एकदा धुवायला घेतलं तेव्हा बादलीच्या तळाशी वाळू बसली होती. “ह्यानं पुसतोस होय गाडी?” तिचा प्रश्न रास्त होता.

धूळ दिसली तरी राहू द्या. आठवड्यातून एकदा पाण्याने धुतलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षा जास्त काळ नवी राहते.

आणि साडेसहा हजारांचं काय?

मी बिल काढून बघितलं. ‘कोटिंग’ हा शब्द त्यावर नव्हताच, नुसतं ‘ॲक्सेसरीज’. उत्पादनाचं नाव नाही, कंपनी नाही. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ‘सूक्ष्म ओरखडे’ वॉरंटीत येत नाहीत आणि दर सहा महिन्यांनी पैसे भरून मेंटेनन्स केला नाही तर वॉरंटी रद्द. म्हणजे तोंडी दिलेलं वचन कागदावर नेमकं उलटं होतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ इथे आपल्या बाजूने आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणं ही प्रतिबंधक व्यापार प्रथा आहे. म्हणजे ‘कोटिंगशिवाय लवकर डिलिव्हरी नाही’ असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा, सूर बदलतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. हा दंड जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्यालाही लागू होतो. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनुसार रीलवाल्याला कंपनीकडून पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते त्याने स्पष्ट सांगायला हवं. ‘लिंक बायोमध्ये’ असलेल्या फवाऱ्यांच्या किती व्हिडिओंत ते सांगितलेलं दिसतं, तुम्हीच बघा.

मी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी डीलरकडून फोन आला, “सर, पुन्हा एकदा कोटिंग फ्री मारून देतो.” मी नको म्हटलं, पैसे परत मागितले. ते प्रकरण अजून चालू आहे. माझ्याकडे डिलिव्हरीच्या दिवशीचा पुरावा नाही, ही माझी कमजोर बाजू आहे.

तुमची ती राहू नये म्हणून काउंटरवर हे पाच प्रश्न विचारा:

- कोटिंगचं नाव आणि कंपनी कुठली? बिलावर वेगळी ओळ येईल का?
- लावण्याआधी पॉलिश करणार का, आणि ते मला टॉर्चमध्ये दाखवणार का?
- वॉरंटीत बारीक चरे येतात का? कार्डावर कुठे लिहिलंय?
- मेंटेनन्सचा खर्च वर्षाला किती?
- नको म्हटलं तर गाडीच्या किमतीत किंवा तारखेत फरक पडतो का?

आणि सहीच्या आधी टॉर्च लावून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. नव्या हेल्मेटची काच मी दुसऱ्याच दिवशी लावली. आता ती टूथपेस्टच्या जवळपासही जात नाही. गाडीच्या सीटखाली कोरडं फडकंही ठेवत नाही. टाकीवर थोडी जाळी आहे अजून, उन्हात दिसते. दिसू दे.